चेहऱ्यावरचा कॅन्सर : मोज सर्जन आणि प्लास्टिक सर्जन, दोघांत फरक काय?

"मॅडम, स्किन घेऊ की सर्जरी?" पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतर विषय निवडायची, वेळ जवळ आली की कोल्हापुरातली मुलं हा प्रश्न घेऊन येतात. त्यातल्या काहींना चेहऱ्यावरच्या त्वचेच्या कॅन्सरचंच काम करायचं असतं. मी पॅथॉलॉजिस्ट. सर्जनने काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून माझ्या टेबलावर येतो. हा कॅन्सर मोज नावाच्या पद्धतीने थराथराने काढणारा मोज सर्जन आणि तोच कॅन्सर काढणारा प्लास्टिक सर्जन बाहेरून सारखेच वाटतात. दोघेही नाकावरची गाठ काढतात, दोघेही टाके घालतात. काढलेल्या तुकड्याच्या कडा कोण तपासतो आणि कधी तपासतो, तिथे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

आधी शिक्षण. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, ते दोघांनाही चुकत नाही. मोजकडे जाणारा पुढे तीन वर्षं एमडी डीव्हीएल, म्हणजे त्वचारोगांची एमडी करतो, मुळात तो स्किनचा डॉक्टर असतो, आणि मग डर्मॅटोसर्जरीची, म्हणजे त्वचेच्या शस्त्रक्रियांची फेलोशिप घेतो. अमेरिकेत डर्मॅटॉलॉजी संपल्यावर मोजची स्वतंत्र फेलोशिप एक ते दोन वर्षांची असते. प्लास्टिक सर्जन तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी करतो, नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देतो आणि आणखी तीन वर्षं प्लास्टिक सर्जरीची एमसीएच ही पदवी करतो.

मोज हे माणसाचं आडनाव. फ्रेडरिक मोज हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत होते, तेव्हा 1930 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की झिंक क्लोराइडमुळे गाठ जागच्या जागी मरते, पण तिची सूक्ष्म रचना बिघडत नाही. मग ते रुग्णाच्या चेहऱ्यावर झिंक क्लोराइडचा लेप लावायचे, दुसऱ्या दिवशी तो थर कापून मायक्रोस्कोपखाली बघायचे, आणि कॅन्सर उरलेला दिसला की पुन्हा लेप. दुखायचं फार, दिवसही बरेच जायचे. 1970 च्या दशकात ट्रोमोविच आणि स्टेगमन या डॉक्टरांनी लेपाशिवाय, ताजा तुकडा गोठवून तपासण्याची पद्धत रूढ केली आणि सगळं एका दिवसात आटोपू लागलं.

आज हे काम कसं चालतं, ते सविस्तर सांगते, कारण गोंधळ इथेच होतो. जागा बधिर करून गाठ काढतात, पण सुरी थोडी तिरपी धरून, म्हणजे तुकड्याच्या कडा आणि तळ एका पातळीत सपाट दाबता येतात. त्वचेवर आणि तुकड्यावर जुळत्या खुणा करतात, कडांना वेगवेगळे रंग लावतात, चेहऱ्याचा नकाशा काढतात. तुकडा क्रायोस्टॅट या गोठवून काप घेणाऱ्या यंत्रात शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर गोठवून तळाकडून आडवे पातळ काप घेतात. स्लाइड रंगवून होते आणि मायक्रोस्कोपला डोळा लावतो तो खुद्द सर्जन. रुग्ण तोवर ड्रेसिंग लावून बाहेर बाकावर चहा पीत बसलेला असतो. समजा नकाशावर घड्याळातल्या चारच्या काट्याशी पेशी उरलेल्या दिसल्या, तर फक्त तिथलाच आणखी एक थर काढायचा. बाकीच्या चांगल्या त्वचेला हात लावायचा नाही.

आता माझ्या टेबलावर रोज काय येतं ते बघा. प्लास्टिक सर्जन किंवा कॅन्सर सर्जन गाठीभोवती ठरावीक निरोगी त्वचा धरून गाठ काढतो, बाराच्या काट्यावर रेशमी टाका घालून दिशा दाखवतो आणि तुकडा लॅबला पाठवतो. तो आम्ही अळूवडीच्या उंड्यासारखा उभा कापतो. दोन कापांच्या मधली कड आमच्या नजरेला पडतच नाही. या पद्धतीत प्रत्यक्ष तपासली जाणारी कड एकूण कडेच्या एक टक्काही भरत नाही. रिपोर्टवर "कडा मोकळ्या" लिहिते तेव्हा ते खरंच असतं, पण ते त्या कापांपुरतं. शिवाय रिपोर्ट येतो काही दिवसांनी, तोवर जखम शिवलेली असते.

याने किती फरक पडतो? चेहऱ्यावरच्या बेसल सेल कार्सिनोमावर, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असणाऱ्या पेशींच्या कॅन्सरवर, नेदरलँड्समध्ये दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली. पहिल्यांदाच झालेली गाठ दहा वर्षांत परत उगवण्याचं प्रमाण मोजनंतर 4.4 टक्के, नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर 12.2 टक्के. एकदा काढून परत आलेल्या गाठीत हेच आकडे 3.9 आणि 13.5. हा कॅन्सर सहसा शरीरात दूर पसरत नाही, पण नाक, पापणी, कान कुरतडत जातो. लहान, स्पष्ट कडांच्या गाठीभोवती नेहमीच्या पद्धतीत साधारण 4 मिलिमीटर चांगली त्वचा काढावी लागते. गालावर ते खपून जातं. खालच्या पापणीतली टणक पट्टी मात्र जेमतेम 4 ते 5 मिलिमीटर उंचीची असते. तिथे वाचलेला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे डोळा नीट मिटणं.

मग प्लास्टिक सर्जन कमी पडतो का? मुळीच नाही. अर्धं नाक गेल्यावर ते परत उभं करण्याची विद्या त्याची, आणि तिचं मूळ आपल्याच मातीत आहे. टिपूशी झालेल्या युद्धात नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या एका विटा बनवणाऱ्या कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून नवीन नाक करून दिलं. ते वर्णन 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आलं आणि युरोपातले सर्जन ते शिकले. आजही कॅन्सरमुळे नाकाचा शेंडा गेला की कपाळाचीच त्वचा आणतात. छोटा खड्डा मोज सर्जन स्वतः शिवतो, मोठा असेल तर प्लास्टिक सर्जनला बोलावतो. हाडात शिरलेली किंवा मानेच्या गाठींपर्यंत पोहोचलेली केस या दोघांचीही एकट्याची नाही. तिथे कॅन्सर सर्जनच पुढे हवा. मेलॅनोमाच्या पेशीही गोठवलेल्या स्लाइडवर ओळखायला अवघड जातात.

कोल्हापुरात राहून हे करायचं तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे हा कॅन्सर आपल्याकडे गोऱ्या देशांच्या मानाने कमी. कॅन्सर सर्जनकडे गर्दी असते ती तंबाखू-मिश्रीने झालेल्या जबड्याच्या आणि गालाच्या कॅन्सरची. नुसत्या मोजवर इथे ओपीडी भरणार नाही, सोबत कोडाची ग्राफ्टिंग, व्रणांचं काम, बाकी स्किनची प्रॅक्टिस लागेल. प्लास्टिक सर्जनला शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले भाजलेले, मशीनमध्ये हात सापडलेले रुग्ण असतात. त्याला काम कमी पडत नाही. पण उन्हात राबलेले शेतकरी नाकावरची काळी, चकचकीत कडेची पुटकुळी घेऊन येतात, तेव्हा ती ओळखायला स्किनचाच डॉक्टर हवा. आपल्या वर्णात हा कॅन्सर बऱ्याचदा काळा असतो आणि तीळ समजून कोणी त्यावर चुना लावलेला असतो.

क्रायोस्टॅट नाही म्हणून हात बांधलेले नसतात. मोजचाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून, सपाट बसवून, आडवे काप घेऊन एक-दोन दिवसांत रिपोर्ट देता येतो. जखम तोवर ड्रेसिंगवर उघडी ठेवायची आणि कडा मोकळ्या आल्यावरच शिवायची. याला स्लो मोज म्हणतात. त्यासाठी सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट एका नकाशावर बोलणारे हवेत, एवढंच.

म्हणून स्किन की सर्जरी विचारणाऱ्यांना मी आधी मायक्रोस्कोपशी बसवते आणि बेसल सेलची स्लाइड देते. तासाभराने डोकं दुखतंय म्हणून उठणाऱ्याला मी एमएसचा फॉर्म भरायला सांगते. कडेवरच्या त्या निळ्या पेशी शोधत जेवायचं विसरतो, त्याला एमडी डीव्हीएल.