मार्क चांगले, मग मदत कशाला? हुशार ऑटिस्टिक मुलाच्या शाळेमागचा इतिहास

‘एने तो सारा मार्क्स आवे छे, पछी शेनी तकलीफ?’ (त्याला तर चांगले मार्क मिळतात, मग कसला त्रास?)

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या हुशार मुलाचे आईवडील बडोद्यातल्या शाळेत काही मागायला गेले, की समोरून बहुधा हेच ऐकावं लागतं. बोलणाऱ्या बाईंच्या मनात खोट नसते. त्यांच्यापुढे तिसरीतला एक मुलगा असतो. दशांश अपूर्णांकांची गणितं तो तोंडी सोडवतो, पण फळ्यावरच्या चार ओळी वहीत उतरवायला त्याला अख्खा तास पुरत नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान दाबून बाकाखाली बसतो. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत लाउडस्पीकर चालले, तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरला तो शाळेत असूनही नसल्यासारखाच. प्रगतिपुस्तकात यातलं फक्त गणित उतरतं.

बाईंचा हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मागे पडणाऱ्या मुलांसाठीची व्यवस्था आपल्याकडे एका वाटेने आली आणि पुढे धावणाऱ्यांसाठीची दुसऱ्या. या दोन्हींची गरज एकाच मुलाला लागेल, हे कुणी धरूनच चाललं नव्हतं.

खुद्द बडोद्यात या दोन्ही वाटा एकाच माणसाने पाडल्या. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. दुसरीकडे, कुवत दिसली की महाराज हात आखडता घेत नसत. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. एक धोरण सगळ्यांना शाळेत आणण्याचं, दुसरं निवडक लोकांना पुढे धाडण्याचं. त्या काळाला एवढंही खूप होतं, आणि ऑटिझमचं नावही तेव्हा वैद्यकाच्या पुस्तकात मुलांच्या संदर्भात आलेलं नव्हतं.

ते आलं १९४३ मध्ये. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं छापली. त्यांतल्या कित्येकांच्या स्मरणशक्तीने कॅनर चकित झाले होते आणि या मुलांची बौद्धिक क्षमता चांगली आहे, असं त्यांनी नोंदवलं होतं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी विशेष आवडीनिवडी असलेल्या, मोठ्यांसारखं बोलणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. (नाझी राजवटीशी असलेल्या त्यांच्या सहकार्याची कागदपत्रं २०१८ मध्ये पुढे आली, त्यामुळे त्यांचं नाव आता बरेच जण टाळतात.) म्हणजे हुशारी आणि ऑटिझम एकत्र असू शकतात, ही गोष्ट पहिल्या दोन्ही लेखांतच होती. मधल्या काळात ती झाकली गेली. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, या खुळचट समजुतीने दोनेक दशकं खाल्ली. आस्परगर यांचं काम इंग्रजी वाचकांपुढे नीट मांडलं ते लॉर्ना विंग यांनी, १९८१ मध्ये. अमेरिकन निदानपुस्तिकेत आस्परगर सिंड्रोम १९९४ मध्ये आला आणि २०१३ मध्ये ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच व्यापक निदानात विरघळून गेला. आपल्याकडे मात्र ज्याला बोलायला उशीर झाला तो ‘मंदबुद्धी’, आणि जो बोलला तो ‘हट्टी’ किंवा ‘लाडावलेला’, अशी सरसकट वाटणी बराच काळ चालली.

याला बुद्ध्यंकाच्या चाचण्यांनीही हातभार लावला. मराठी मुलांची बुद्धी मोजण्याचा उद्योग आपल्याकडे तसा जुना आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. पुढे नागपूरच्या मालिन यांनी वेक्सलर चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. त्यात शाब्दिक आणि कृतीचे गुण वेगळे निघतात आणि ऑटिस्टिक मुलाच्या बाबतीत खरी गोष्ट या दोहोंमधल्या दरीतच असते. पण अहवालाच्या शेवटी एकच आकडा लिहिला जातो आणि शाळा तेवढाच वाचते. डॉसन, मोट्रों आणि सहकारी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की ऑटिस्टिक मुलांना वेक्सलरपेक्षा रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीत सरासरी ३० शततमक (पर्सेंटाइल) जास्त मिळतात. कोणती चाचणी दिली यावर तेच मूल ‘मागे’ किंवा ‘पुढे’ ठरू शकतं.

बडोद्याच्या मराठी घरांत यात आणखी एक गुंता असतो. आजी मराठीत बोलते, वाडीतली मुलं गुजरातीत, शाळा इंग्रजीत आणि मोबाइल हिंदीत. ‘एकच भाषा ठेवा’ असा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला आणि त्यापायी कित्येक घरांनी मुलाशी मराठी बोलणं सोडलं. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे मात्र अहवालात लिहून घ्यायला हवं.

हुशार मुलांच्या वाटेवर १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडसे यांची ज्ञानप्रबोधिनी उभी राहिली. १९६३ पासून राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली, ती २०२१ नंतर थांबली. दुसऱ्या वाटेवर १९७४ मध्ये अपंग मुलांना साध्या शाळेत घेण्याची केंद्राची योजना आली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण त्या कायद्याचा भर पालकत्वावर आणि आईवडिलांच्या पश्चात काय, यावर. वर्गात बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला त्यातून फारसं काही मिळत नव्हतं. शाळेच्या बाबतीत खरा आधार मिळाला तो २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकार आहेत.

प्रमाणपत्रासाठी ऑटिझम मोजायचा तो आयएसएए या भारतीय मापनश्रेणीवर. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७०च्या खाली आलं तर ऑटिझम नाही. यातले शेवटचे दोन मुद्दे वाचण्यासारखे आहेत. एक, मुलाची स्मरणशक्ती असाधारण आहे का. आणि दोन, त्याच्याकडे एखादी विलक्षण क्षमता आहे का. ‘हो’ म्हटलं की गुण वाढतात, म्हणजे ऑटिझमचे गुण. सरकारी कागदावर प्रतिभा आणि ऑटिझम शेजारी बसतात ती ही एक जागा, आणि तिथे प्रतिभेची नोंद लक्षण म्हणून होते. उलट, शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरणारं आणि घरी आल्यावर कोसळणारं मूल या श्रेणीवर ७०च्या अलीकडे राहू शकतं, कारण तिचा भर दिसणाऱ्या वागण्यावर आहे.

मग ‘अपंगत्व ४० टक्के आहे का?’ हा प्रश्न येतो. इथे २०१६च्या कायद्यातल्या दोन कलमांची सरमिसळ होते. कलम ३१ मधला ६ ते १८ वयातल्या मोफत शिक्षणाचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेला आहे. कलम १६ मध्ये ती अट नाही. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या कुठल्याही शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, असं ते सांगतं. मार्कांचा उल्लेख त्यात कुठेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय ४० टक्क्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निकाल दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळे नियम काढले. लिहिताना हात अडणाऱ्या हुशार मुलाला हे फार उपयोगी आहे. अर्थात सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र त्यालाही लागतं. त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, रजनीश कुमार पांडे खटल्यात न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. ती पदं जाहीर करा, असं राज्यांना मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावावं लागलं, यावरून काय ते समजावं.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात दोन्ही वाटा एकाच पुस्तकात आल्या, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. विशेष गती असलेली मुलं चौथ्या प्रकरणात, दिव्यांग मुलं सहाव्यात. गुजरातने २०२३ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण असण्याची अट घातली. बहुतेक मुलांसाठी ती ठीकच आहे. चौथ्या वर्षी वाचायला लागलेल्या मुलाला मात्र बालवाटिकेत (पहिलीच्या आधीच्या वर्गात) पुन्हा अक्षरंच गिरवावी लागतात, आणि कंटाळून तो उठून फिरू लागला की तक्रार होते ती वर्तनाची. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘डबल प्रमोशन’ घेऊन वर्ष वाचवलेली माणसं घरोघर सापडत. ती पळवाट आता जवळपास बुजली आहे.

म्हणून शाळेला द्यायच्या अर्जात मार्क आधी आणू नयेत. कलम १६चा उल्लेख करून गरजा लिहाव्यात: फळ्यावरचा मजकूर छापील द्यावा, लेखी कामाला जादा वेळ मिळावा, घंटेच्या आधी दोन मिनिटं वर्गाबाहेर शांत जागी जाऊ द्यावं. आणि चौथी गोष्ट, गणिताच्या तासाला वरच्या इयत्तेचं पुस्तक. पहिल्या तिन्हींमागे कायदा उभा आहे. चौथीला धोरणातल्या काही परिच्छेदांपलीकडे आधार नाही. ती आज तरी मुख्याध्यापकांच्या मर्जीवरच चालते.