धरण उशाला, कोरड घशाला : हृदयाच्या रक्तपुरवठ्याची पार्श्वभूमी

ठाण्याच्या येऊर डोंगराच्या चढणीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांत आमच्या सोसायटीतले एक काका होते. निम्म्या चढावर ते थांबायचे आणि खिशातून मोबाइल काढून बघत उभे राहायचे. दोन मिनिटांनी पुन्हा चालू. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही रे, पित्त झालंय." पुढे अँजिओत ब्लॉकेज निघालं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हृदय चोवीस तास रक्तानेच भरलेलं असतं ना? मग त्यालाच रक्त कमी कसं पडतं?"

प्रश्न बाळबोध वाटेल, पण त्याने भल्याभल्यांना चकवलंय. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला तरी उत्तर चटकन कळावं. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. हृदयाच्या डाव्या जवनिकेतून, म्हणजे डावीकडच्या खालच्या कप्प्यातून, सगळ्या शरीराचं शुद्ध रक्त जातं, पण तिची भिंत जवळपास एक सेंटिमीटर जाड असते. आतल्या रक्तातला ऑक्सिजन झिरपून झिरपून अगदी आतल्या पातळ थरापर्यंतच पोचतो. बेडकाचं हृदय स्पंजासारखं असल्यामुळे त्याचं आतल्या रक्तावर भागतं. आपलं भागत नाही. म्हणून रक्त आधी महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, बाहेर पडतं आणि तिच्या मुळाशीच फुटणाऱ्या दोन कोरोनरी रोहिण्यांतून हृदयाच्या स्नायूकडे परत येतं. मुख्य जलवाहिनीवरचं पहिलं कनेक्शन धरणाच्या गावालाच द्यावं, तसं. (शहापूरच्या वाट्याला तेही आलं नाही.)

या रोहिण्या हृदयाभोवती मुकुटासारख्या बसतात, म्हणून लॅटिनमधल्या मुकुटावरून त्यांना 'कोरोनरी' नाव पडलं. कोरोना विषाणूच्या नावाचं मूळही हेच.

मध्ययुगातला नामवंत हकीम इब्न सिना याच्या ग्रंथात हृदयाचं पोषण उजव्या कप्प्यातल्या रक्तावर होतं असं म्हटलं होतं. कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-नफीस या हकिमाने 1242 मध्ये त्यावर भाष्य लिहिताना हे साफ खोडून काढलं. हृदयाला पोसणारं रक्त त्याच्या अंगात पसरलेल्या वाहिन्यांतून येतं, असं त्याने लिहिलं. अभ्यासक त्याच्या या लिखाणाकडे वळले ते 1924 मध्ये, एका इजिप्शियन डॉक्टराला बर्लिनच्या ग्रंथालयात हस्तलिखित सापडलं तेव्हा. तोवर युरोपने स्वतःची वाट शोधली होती. इंग्लिश डॉक्टर विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं होतं.

पण रोहिणी कळली म्हणून दुखणं कळलं, असं झालं नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी 1768 मध्ये छातीतल्या एका विचित्र कळेचं वर्णन केलं. ती चालताना येते, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि माणूस थांबला की जाते. आमचे काका हुबेहूब! पण कळ कुठून येते, हे हेबर्डनना उमगलं नव्हतं. देवीच्या लशीचा एडवर्ड जेन्नर याला कोरोनरी रोहिण्यांचा संशय आला होता, पण तो गप्प बसला. त्याचे गुरू जॉन हंटर यांनाच हे दुखणं होतं. हंटर 1793 मध्ये एका बैठकीतल्या वादावादीनंतर कोसळले. शवविच्छेदनात त्यांच्या रोहिण्या टणक झालेल्या निघाल्या.

थांबलं की कळ का जाते, याचा उलगडा बराच नंतर झाला. बहुतेक अवयव रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन घेतात. हृदय मात्र आपण स्वस्थ बसलेले असतानाच 70 टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. म्हणजे शिल्लक फारशी नाही. जास्त हवा असेल तर जास्त रक्तच आलं पाहिजे. त्यातही गंमत अशी, की हृदय आवळतं तेव्हा त्याचाच स्नायू आतल्या वाहिन्या चेपतो. त्यामुळे डाव्या बाजूला पाणी सोडण्याची वेळ म्हणजे दोन ठोक्यांमधली विश्रांती. चढावर ठोके वाढले की नेमकी तीच वेळ आखडते. काकांच्या मोबाइलने ती परत मिळवून दिली होती.

जिवंत माणसाच्या रोहिण्या नीट दिसल्या त्या एका चुकीमुळे. 1958 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला हृदयतज्ज्ञ मेसन सोन्स एका तरुणाच्या महारोहिणीत रंगद्रव्य सोडणार होते. नळी सरकली आणि रंगद्रव्य थेट उजव्या कोरोनरीत शिरलं. हृदय काही सेकंद थांबलं. रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके परत सुरू झाले. पडद्यावर मात्र अख्खी रोहिणी उमटली होती. मग 1967 मध्ये तिथेच रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून बायपास केली आणि 1977 मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने रोहिणी फुगवली.

काकांना स्टेंट बसला तो त्याच वाटेने, मनगटातून नळी घालून. डॉक्टरांनी स्क्रीनवर अरुंद झालेली जागा दाखवली. काका चष्मा नसताना डोळे बारीक करून बघत राहिले. "रोहिणी एवढीशी?" ते म्हणाले.

"तीन मिलिमीटर," डॉक्टर म्हणाले.