सिरिंगोमा : सूक्ष्मरचना

सिरिंगोमा हे घर्मग्रंथीच्या (घामाच्या ग्रंथीच्या) नलिकेचे गुण दाखवणारे सौम्य अर्बुद, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ आहे. ग्रीक भाषेत ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी किंवा बासरी; त्यावरून हे नाव पडले. खालच्या पापणीवर १ ते ३ मिलिमीटरच्या, त्वचेच्याच रंगाच्या किंवा पिवळसर बारीक गाठी येतात, बहुधा दोन्ही डोळ्यांखाली. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत त्यांना घामोळे समजून पावडर लावली जाते. घामोळे घामाची वाट अडल्याने येते आणि हवा थंडावली की ओसरते; सिरिंगोमा ही पेशींची वाढ असल्याने ती तशीच राहते.

सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचा जवळजवळ जशीच्या तशी असते. सारा मामला अंतस्त्वचेच्या वरच्या भागात. तिथे कोलॅजन या प्रथिनाच्या घट्ट तंतूंमध्ये लहान लहान नलिका आणि पेशींचे पुंजके विखुरलेले दिसतात. नलिकेच्या भिंतीला बहुधा पेशींचे दोन थर असतात आणि पोकळीत गुलाबी, एकजिनसी द्रव्य साठलेले असते. काही नलिकांच्या एका टोकाला पेशींची निमुळती शेपटी फुटते. पाठ्यपुस्तके तिला स्वल्पविरामाची उपमा देतात. ठाण्याच्या विद्यार्थ्याने पावसाळ्यात येऊरच्या डबक्यातला बेडूकमासा आठवावा, आकार चटकन लक्षात राहतो. मात्र अशी शेपटी इतर काही अर्बुदांतही दिसते, तेवढ्यावर निदान करू नये. पेशींची केंद्रके लहान व सारखी असतात, विभाजन क्वचितच आढळते.

एका प्रकारात पेशी पांढऱ्या, रिकाम्या भासतात. प्रत्यक्षात त्या ग्लायकोजेनने, म्हणजे साखरेच्या साठवणुकीच्या रूपाने, भरलेल्या असतात. हा प्रकार मधुमेहाशी निगडित आहे, म्हणून असा अहवाल आला तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

खरी कसोटी खोलीची. १९८२ मध्ये वर्णन झालेला मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा हा कर्करोग वरच्या थरात अगदी सिरिंगोमासारखा दिसतो. पण तो खाली चरबीपर्यंत उतरतो, मज्जातंतूंभोवती पसरतो; क्वचित ती जागा बधिर होते. त्यामुळे चेहऱ्यावर एकच, कडक, हळूहळू वाढणारी गाठ असेल, तर वरवर खरवडलेला तुकडा पुरत नाही. तो कितीही निरुपद्रवी दिसला तरी पॅथॉलॉजिस्टने खोलवरचा तुकडा मागून घ्यावा.