टोपे, तात्या

(सु. १८१४ – १८ एप्रिल १८५९). १८५७ च्या उठावातील पेशवेपक्षाचे सेनापती. मूळ नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. फाशीपूर्वी दिलेल्या जबानीत त्यांनी वडिलांचे नाव पांडुरंग, वय सुमारे ४५, राहणार बिठूर आणि मूळ गाव परगणा पाटोदा, जिल्हा नगर येथील असे सांगितले. इंग्रजी प्रतीत त्या गावाचा ‘जोला’ झाला आहे. ते नाशिक जिल्ह्यातले आजचे येवले. पाटोदे हे गाव अजूनही येवले तालुक्यातच आहे.

१८१८ मध्ये राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव वार्षिक ८ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिले. पांडुरंगराव त्यांच्या पदरी असल्याने तात्यांचे बालपण तिथेच, बाजीरावांचे दत्तकपुत्र नानासाहेब यांच्या सोबतीत गेले. ‘टोपे’ हे नाव बाजीरावांनी दिलेल्या मानाच्या टोपीवरून आले असे काही जण सांगतात, तर काही जण ते तोपेशी जोडतात. उठावापूर्वी त्यांनी कोणत्याही मोठ्या फौजेचे नेतृत्व केलेले नव्हते. जबानीत ते स्वतःला नानासाहेबांचे निकटचे सोबती एवढेच म्हणवतात. वयाच्या त्रेचाळिशीत हातात सैन्य आलेल्या या माणसाच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना ही गोष्ट विसरता येत नाही.

जून १८५७ मध्ये कानपूरला नानासाहेबांचा अंमल बसला. २७ जूनला सत्तीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांची कत्तल झाली. त्यांच्यासाठी नावा जमवण्याचे काम आपण केले हे तात्यांनी मान्य केले. कोणाही युरोपियनाच्या हत्येशी आपला संबंध नव्हता, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितले.

त्यांची पहिली मोठी कामगिरी नोव्हेंबरातली. शिंद्यांच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेली ग्वाल्हेर कंटिंजंट ही फौज त्यांनी आपल्या बाजूला वळवली, काल्पीला यमुना ओलांडली आणि इंग्रजांचे सरसेनापती सर कॉलिन कँपबेल लखनौत गुंतलेले असताना कानपूर गाठले. २६ तारखेला जनरल विंडहॅमने पांडू नदीवर त्यांच्या आघाडीला मागे रेटले. दुसऱ्याच दिवशी तात्यांनी उलट चढाई करून विंडहॅमला खंदकाआड पिटाळले आणि शहरासह तंबू, सामानाचा मोठा साठा ताब्यात घेतला. गंगेवरचा नावांचा पूल मात्र त्यांना तोडता आला नाही. त्याच पुलावरून कँपबेल परतले आणि ६ डिसेंबरला त्यांनी तात्यांचा पराभव केला.

पुढच्या सगळ्या मोहिमांचा हिशेब तोफांवरून मांडता येतो. १८५८ च्या आरंभी चरखारीच्या राजाला वेढून तात्यांनी २४ तोफा आणि ३ लाख रुपये मिळवले. लगेच झाशीहून राणी लक्ष्मीबाईंची मदतीची हाक आली. सुमारे २०,००० माणसे आणि २८ तोफा घेऊन ते बेतवेवर आले आणि ३१ मार्चच्या रात्री वेढ्यातल्या झाशीला दिसावी म्हणून मोठी आगटी पेटवली. वेढा घालणारे इंग्रज सेनापती सर ह्यू रोज यांनी झाशीचा वेढा उठवला नाही. वेढ्याच्या तोफा शहरावर डागत ठेवून ते सुमारे १,५०० माणसांनिशी तात्यांवर चालून गेले.

तात्यांनी फौजेच्या दोन फळ्या केल्या होत्या, पण त्यांच्यातले अंतर कोसाच्या घरात होते. १ एप्रिलला रोज यांच्या घोडदळाने आणि घोड्यांवरच्या तोफखान्याने पहिल्या फळीच्या दोन्ही बगलांवर एकदम घाव घातला. फळी फुटली, आणि मागची फळी तिच्या मदतीला पोचण्याइतकी जवळ नव्हती. पाठलाग थोपवायला तात्यांनी मधल्या रानाला आग लावली. इंग्रज स्वार त्या आगीतून दौडत आले. संध्याकाळपर्यंत २८ च्या २८ तोफा गेल्या. संख्या पुरेशी होती. उणीव होती ती पलटणींना ऐन लढाईत हलवू शकणाऱ्या मधल्या हुद्द्यांवरच्या अधिकाऱ्यांची.

कोंच आणि काल्पीच्या पराभवांनंतर पेशवेपक्ष संपला असे वाटत असताना तात्यांनी गुप्तपणे ग्वाल्हेरला जाऊन शिंद्यांची फौज फोडली. त्यांच्या बुद्धीचा हा सर्वांत मोठा पुरावा. १ जूनला जयाजीराव शिंदे मुरारजवळ लढायला उभे राहिले, पण त्यांचे बहुतेक शिपाई समोरच्यांना जाऊन मिळाले. जयाजीराव आग्र्याला पळाले, आणि किल्ला, खजिना, तोफखाना सगळे आयते हाती आले. पुढचे मोलाचे दिवस दरबार-समारंभात गेले. महिन्याच्या मध्यास राणी पडल्या, ग्वाल्हेर गेले, आणि जौरा-अलीपूरला नेपिअरने आणखी २५ तोफा घेतल्या.

येथून दहा महिन्यांचा पाठलाग सुरू झाला. टोंकच्या नवाबाची फौज ४ तोफांसह तात्यांना मिळाली. १३ ऑगस्टला नाथद्वाऱ्याचे दर्शन घेऊन ते मध्यरात्री तळावर परतले, तो शत्रू जवळ आल्याची बातमी. तात्यांनी तत्काळ कूच करायला सांगितले. थकलेल्या पायदळाने सकाळपर्यंत हलायला नकार दिला. सकाळी बनास नदीवर पराभव झाला आणि त्या तोफा गेल्या. फुगलेली चंबळ मात्र ते कशीबशी उतरून गेले, आणि पाठलागावरचे अलीकडच्या काठावरच अडकले. झालरापाटणला राजाची फौज तात्यांच्या बाजूला फिरली, ३० तोफा मिळाल्या. तेथे पाच दिवस थांबून त्यांनी फौजेचा तीन महिन्यांचा पगार चुकता केला. सप्टेंबरात राजगढला मिशेलने २७ तोफा हिसकावल्या.

तोफा नसल्या की शहर घेता येत नसे, म्हणजे पैसा आणि दाणागोटा मिळत नसे. तोफा असल्या की चिखलात बैल अडत आणि शत्रू गाठत असे. या पेचातून तात्यांना कधीच सुटता आले नाही.

ऑक्टोबरअखेर ते नर्मदा उतरले. पेशव्यांच्या नावाने नागपूर प्रांत आणि महाराष्ट्र उठवायचा हा बेत होता. वर्षभर आधी याने मुंबई आणि मद्रास सरकारची झोप उडाली असती. आता नागपूरची वाट कामठीच्या छावणीने रोखली होती, आणि गावे हलली नाहीत. मुलताईवरून ते पश्चिमेला वळले, बडवानीकडे पुन्हा नर्मदा ओलांडली. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला पार्कने त्यांना गाठले. त्यासाठी त्याने नऊ दिवसांत २४१ मैल मजल मारली होती. जानेवारी १८५९ मध्ये सीकरच्या पराभवानंतर फौज विखुरली.

शिंद्यांशी बिनसलेला नरवरचा मानसिंग याच्या आश्रयाने तात्या पाडोनच्या जंगलात राहिले. मानसिंग २ एप्रिलला मेजर मीड याला शरण गेला होता. ७ तारखेच्या रात्री त्याच्याच मदतीने मुंबईच्या देशी पलटणीच्या शिपायांनी तात्यांना झोपेत पकडले.

१५ एप्रिलला शिवपुरीस लष्करी न्यायालय बसले. आरोप होता ब्रिटिश सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. काल्पी पडेपर्यंत नानासाहेबांचे आणि त्यानंतर त्यांचे पुतणे रावसाहेब यांचे हुकूम आपण पाळले, हा तात्यांचा बचाव होता. पेशव्यांच्या चाकराने इंग्रजांशी केलेली लढाई बंड ठरत नाही, असा त्याचा अर्थ. तो मानला गेला नाही. १८ एप्रिलला संध्याकाळी त्यांना फाशी दिली. फासावर गेले ते तात्या नव्हतेच, अशी समजूत पुढे बराच काळ टिकली, पण बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत. शिवपुरीत त्यांचे स्मारक व पुतळा आहे.