हाफिजचा मोहतसिब: ढोंगावरच्या रागामागचा इतिहास

हाफिजच्या गझलांमध्ये मद्यशाळेचे गुणगान आणि उपदेशकांची खरडपट्टी वाचून अनेकांना वाटते, की हा कवी धर्मच नाकारतो. तसे नाही. संपूर्ण कुराण मुखोद्गत असणाऱ्याला हाफिज म्हणतात, आणि इराणमधल्या शिराजच्या या चौदाव्या शतकातल्या फारसी कवीने तेच आपले कविनाम केले. त्याचा राग देखाव्यावर आहे.

या रागाची मुळे धर्मपरंपरेतच सापडतात. लोकांनी पाहावे म्हणून केलेली भक्ती, म्हणजे ‘रिया’, इस्लाममध्ये मोठा दोष मानली जाते. नवव्या शतकात इराणमधल्या निशापूरचे मलामती साधक आपले पुण्य लपवत आणि लोकनिंदा आनंदाने सोसत. पुढे सनाई आणि अत्तार या सूफी कवींनी ही वृत्ती कवितेत रुजवली. शिराजच्याच सादी या लेखकाच्या ‘गुलिस्तान’मध्ये (१२५८) एक विरक्त राजाच्या पंगतीला नेहमीपेक्षा कमी जेवतो आणि नमाज मात्र नेहमीपेक्षा लांबवतो. घरी येताच तो जेवण मागतो. मुलगा विचारतो, “बाबा, तिथे जेवला नाहीत का?” तो सांगतो, “त्यांच्यासमोर उपयोगी पडेल असे काही खाल्ले नाही.” त्यावर मुलगा म्हणतो, “मग नमाजही पुन्हा पढा. तीही उपयोगाची झालेली नाही.”

हाफिजच्या काळात हे ढोंग थेट गादीवर येऊन बसले. १३५३ मध्ये मुझफ्फरी घराण्याच्या मुबारिजुद्दीन मुहम्मदने शिराज जिंकले आणि मद्यशाळांना कुलपे ठोकली. कुराण वाचता वाचता तो मध्येच उठे, गुन्हेगाराला स्वतःच्या हाताने ठार करी आणि परत येऊन वाचायला बसे, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. बाजारातली वजनमापे आणि लोकांची वागणूक तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मोहतसिब म्हणत. शिराजकरांनी राजालाच ते नाव ठेवले. म्हणूनच ‘चंगच्या (म्हणजे वीणेसारख्या तंतुवाद्याच्या) सुरांवर पिऊ नकोस, मोहतसिब कडक आहे’ हा हाफिजचा इशारा त्याच्या गावाला नेमका कळत होता. ‘देवा, मद्यशाळेचे दार लावले, आता ढोंगाचे दार उघडतील, ते चालवून घेऊ नकोस,’ हे त्याचे आर्जव मला त्याच्या साऱ्या उपरोधाहून जास्त भिडते. त्यात देवावरचा विश्वास ढळलेला नाही.

१३५८ मध्ये मुलगा शाह शुजा याने बापाला कैद करून आंधळे केले. मद्यशाळा पुन्हा उघडल्या, आणि ‘आता शाह शुजाचा काळ आहे, बेधडक पी’ असे हाफिजने लिहिले.

त्याच काळातल्या उबैद झाकानी या उपरोधिक कवीच्या नावावर ‘उंदीर आणि मांजर’ ही दीर्घकविता आहे. मांजर मशिदीत जाऊन रडते, पश्चात्ताप करते. भोळे उंदीर आनंदाने खाद्यपदार्थांची ताटे घेऊन भेटीला येतात आणि ते एका झेपेत पाच धरते: दोन या पंजात, दोन त्या पंजात, एक तोंडात. कवितेतले मांजर इराणमधल्या करमान शहराचे आहे. करमान शिराजच्या आधीच मुबारिजुद्दीनच्या हाती गेले होते, त्यामुळे अनेक अभ्यासकांना या मांजरात तोच दिसतो.