मेटा कीवर्डसाठी पैसे मोजू नका

‘पानाच्या कोडमध्ये भरपूर मेटा कीवर्ड टाका, साइट गूगलवर वर येईल,’ असं वेबसाइट काढणाऱ्यांना अजूनही सांगितलं जातं आणि त्याचे पैसेही घेतले जातात. हे खरं नाही. मेटा कीवर्ड म्हणजे पान कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या शब्दांची कोडमधली यादी. वेब शोधाच्या क्रमवारीत ही यादी आपण धरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. वाचकाला न दिसणाऱ्या या जागेत लोक पानाशी संबंध नसलेले शब्द कोंबायचे, म्हणून त्यावरचा भरवसाच उडाला.

मेटा डिस्क्रिप्शनची, म्हणजे कोडमध्येच लिहायच्या पानाच्या छोट्या वर्णनाची, गोष्ट वेगळी. त्यानेही क्रमांक वाढत नाही, पण शोधात शीर्षकाखाली तोच मजकूर दिसू शकतो आणि तो वाचून माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो. खानावळीची साइट असेल तर ‘घरगुती थाळी, डबा घरपोच’ एवढं तिथे जरूर लिहा.