दोराचे दोन वेढे आणि पाच डॉलरचा टोल

गाडीच्या मागच्या आसाला जाड दोर बांधायचा, कडेच्या मोठ्या झाडाला त्याचे वेढे घ्यायचे आणि टोक हातात धरून दोर हळूहळू सोडत राहायचा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, माउंट हूड या ज्वालामुखी पर्वताच्या कुशीत, लॉरेल हिल नावाचा उतार आहे. १८४६ पासून पुढे स्थलांतरितांच्या गाड्या तिथून अशाच खाली उतरल्या. आणि हा उतार उतरण्यासाठी त्यांनी आधी टोल भरलेला असे.

मिसुरी नदीकाठाहून निघून सुमारे ३,२०० किलोमीटर चालून आलेली ही कुटुंबं द डॅल्स या ठिकाणी अडकत. पुढे गाडीवाट नव्हतीच. गाड्या तराफ्यावर चढवून कोलंबिया नदीच्या खळाळातून न्यायच्या, एवढाच मार्ग. त्यात सामान बुडे, माणसंही बुडत. १८४५ च्या सप्टेंबरात सॅम्युअल बार्लो हा असाच एक स्थलांतरित तिथे पोचला आणि त्याने नदी नाकारून डोंगराची वाट धरली. मागून जोएल पामर हा दुसरा स्थलांतरित येऊन मिळाला. वाट शोधायला पामर माउंट हूडच्या हिमनदीवर उंचापर्यंत चढला. चामडी जोडे झिजून गेल्यावर अनवाणी पायांनी बर्फ तुडवत चालला. वाट दिसली, पण हिवाळा तोंडावर आला होता. गाड्या जंगलातच ठेवून सगळे कसेबसे पलीकडे उतरले.

त्याच डिसेंबरात ओरेगॉनच्या हंगामी विधिमंडळाने बार्लोला रस्ता बांधून टोल घ्यायची परवानगी दिली. फिलिप फॉस्टरची साथ घेऊन, सुमारे ४० मजूर लावून १८४६ च्या उन्हाळ्यात काम उरकलं. गाडीमागे पाच डॉलर, जनावरामागे दहा सेंट असा दर ठरला. बार्लोने दिलेल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या हंगामात १४५ गाड्या आणि सुमारे १,५५९ जनावरं पार झाली. म्हणजे वसुली जेमतेम ८८० डॉलर, आणि तीही सगळी रोख नव्हे. खिसा रिकामा असलेले लोक उधारीची चिठ्ठी लिहून देत, नाहीतर अंगावरचा कपडा. एवढं देऊन मिळे काय? झाडं तोडलेली, झुडपं जाळलेली एक अरुंद पट्टी. तरी मला तो दर अन्यायाचा वाटत नाही. नदीचा दर त्याहून फार मोठा होता.

खरी परीक्षा लॉरेल हिलवर. आजचे घाटरस्ते साधारण ५ ते ७ टक्के चढाचे असतात. या उताराचा सर्वांत वाईट तुकडा सुमारे ६० टक्क्यांचा सांगतात, म्हणजे ३१ अंश. कोरडी वाळू ढिगातून आपोआप घसरू लागते ती साधारण याच कोनाच्या आसपास. तिथे चाकं साखळीने जखडली तरी ती जागीच थांबत नाहीत, सबंध गाडी घेऊन घसरतात. म्हणून कोणी गाडीमागे अख्खं झाड बांधून फरफटत आणी, आणि बाकीचे दोरावर भरवसा ठेवत.

गावाकडे बिथरलेला बैल आवरताना जाणता माणूस त्याच्याशी झोंबत बसत नाही. दाव्याचे दोन वेढे लिंबाच्या खोडाला टाकतो आणि टोक धरून शांत उभा राहतो. त्यामागचं गणित अठराव्या शतकात लेऑनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. खोडाला टेकलेला दोराचा प्रत्येक बारीक तुकडा खोडावर दाबला जातो आणि घर्षणाने ताणाचा थोडा हिस्सा खाऊन टाकतो. उरलेला ताण पुढच्या तुकड्याकडे जातो, तोही आपला हिस्सा खातो. चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार, फक्त उलट दिशेने. खोड जाड की बारीक याने फरक पडत नाही. वेढे किती, एवढंच महत्त्वाचं.

समजा गाडी एक टनाची आहे. ३१ अंशांच्या उतारावर ती सुमारे ५१५ किलोच्या जोराने खाली ओढते. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.४ धरला, तर एका वेढ्यात हा ताण बाराव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे ४० किलोच्या घरात. दोन वेढ्यांत तो दीडशेव्या हिश्श्यावर येतो: साडेतीन किलो. एवढा भार पोरसवदा मुलगाही पेलेल. तिसरा वेढा घेतला तर दोर जागचा हलणारच नाही. सगळं कसब वेढा केव्हा घ्यायचा आणि केव्हा मोकळा करायचा यात होतं.

पण ऊर्जा कुठे जाते? एक टनाची गाडी शंभर मीटर खाली उतरली की तीन लिटर साधं पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होते. त्यातली बरीचशी दोर आणि साल यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात. दोरांनी काचलेले, भाजलेले बुंधे पुढे कित्येक वर्षं तिथे दिसत.

उतार संपला की वाळू. १७८० आणि १७९० च्या दशकांत माउंट हूडचा उद्रेक झाला, चिखल-राखेचे लोंढे सँडी नदीत उतरले आणि पात्र गाळाने भरून गेलं. १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांनी त्या नदीला ‘क्विकसँड’, म्हणजे रुतवणाऱ्या वाळूची नदी, असंच नाव दिलं होतं. अर्ध्या शतकानंतर दमलेले बैल त्याच खोऱ्यातून गाड्या ओढत होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या डोंगरात मूळ रहिवाशांच्या पायवाटा कितीतरी आधीपासून होत्या. आणि ज्या पामरने अनवाणी वाट शोधली, त्यानेच १८५५ मध्ये सरकारचा अधिकारी म्हणून वास्को आणि वॉर्म स्प्रिंग्ज या मूळ जमातींच्या लोकांशी करार करून पर्वताच्या पूर्वेकडची सुमारे एक कोटी एकर जमीन सरकारला मिळवून दिली. टोलच्या हिशेबात ही रक्कम कुठेच धरलेली नाही.

बार्लोने दोन वर्षांत रस्ता सोडला. पुढे मालक बदलत गेले, टोलनाकेही जागा बदलत राहिले. १९१२ मध्ये हेन्री वेमे या मोटारप्रेमी व्यावसायिकाने तो विकत घेतला आणि त्याच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रस्ता राज्याच्या ताब्यात आला. आज महामार्ग २६ लॉरेल हिल वळणं घेत घेत उतरतो. कडेला गाडी लावून थोडं वर चढलं की झाडीमधून सरळ खाली येणारी ती जुनी घसरण अजून दिसते, धोंड्यांनी भरलेली.